वंशावळ आणि कारकीर्द : रजनीकांत यांच्या चाहत्यांमधील चर्चेची चिकित्सा

प्रस्तावना

लोकप्रिय चित्रपट-अभिनेत्याविषयी चाहत्यांमध्ये जी चर्चा चालते, ती समीक्षेच्या कक्षेबाहेरची मानण्याचा प्रघात आहे. समीक्षक चित्रपटाची संहिता, दिग्दर्शन आणि अभिनय यांचा विचार करतो. चाहता मात्र अभिनेत्याचा आगामी चित्रपट, त्याची प्रकृती, त्याचे घराणे आणि त्याचे मूळ गाव यांविषयी बोलतो. वरवर पाहता ही करमणुकीची बोलणी वाटतात. परंतु एखादा समाज आपल्या आवडत्या कलावंताला कोणत्या नात्याने आपला मानतो, हे याच बोलण्यातून उघड होते. म्हणून या चर्चेकडे सांस्कृतिक दस्तऐवज म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

या दृष्टीने तमिळ चित्रपटसृष्टीतील अभिनेते रजनीकांत यांचे उदाहरण विशेष अभ्यसनीय आहे. त्यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. १२ डिसेंबर १९५० रोजी बंगळूर येथे एका मराठीभाषक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि पडद्यावर तमिळ असा त्यांचा भाषिक प्रवास आहे. त्यामुळे त्यांच्या वंशाची चर्चा तीन राज्यांत, तीन भाषांत आणि तीन वेगवेगळ्या हेतूंनी होत आली आहे. या चर्चेतील गृहीतके तपासणे आणि रजनीकांत यांचे चित्रपटच वंशाच्या प्रश्नाला कोणते उत्तर देतात याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चाहत्यांच्या चर्चेचे तीन पदर

रजनीकांत यांच्याविषयीच्या चर्चेचे स्थूलमानाने तीन पदर दिसतात. पहिला पदर कारकिर्दीचा. के. बालचंदर दिग्दर्शित ‘अपूर्व रागंगळ’ (१९७५) या चित्रपटातील छोट्या भूमिकेपासून लोकेश कनगराज दिग्दर्शित ‘कूली’ (२०२५) पर्यंतचा पन्नास वर्षांचा पट चाहत्यांना मुखोद्गत असतो. कोणता चित्रपट किती दिवस चालला, कोणत्या चित्रपटातील प्रवेशाचे दृश्य सरस, चश्मा फिरवण्याची लकब प्रथम कोठे दिसली, यांवर ते तासन्‌तास बोलतात.

दुसरा पदर बातम्यांचा. २०११ मध्ये रजनीकांत उपचारांसाठी सिंगापूरला गेले तेव्हा त्यांच्यासाठी ठिकठिकाणी प्रार्थना झाल्या. ३१ डिसेंबर २०१७ रोजी त्यांनी राजकारणात उतरण्याची घोषणा केली. डिसेंबर २०२० मध्ये प्रकृती बिघडून त्यांना हैदराबाद येथे रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि त्यानंतर २९ डिसेंबर रोजी त्यांनी पक्षस्थापनेचा बेत सोडला. जुलै २०२१ मध्ये ‘रजनी मक्कळ मंड्रम’ ही संघटना विसर्जित करून तिचे पुन्हा चाहता मंडळात रूपांतर करण्यात आले. तीन वर्षे कार्यकर्ता म्हणून वावरलेला चाहता एका निवेदनासरशी पुन्हा केवळ चाहता झाला. बातमीचा पदर किती खोलवर जाऊन माणसांची आयुष्ये हलवतो, याचे हे उदाहरण होय.

तिसरा पदर वंशाचा. पहिल्या दोन पदरांत चाहता अभिनेत्याने काय केले याविषयी बोलतो. तिसऱ्यात तो अभिनेता कोणाचा आहे याविषयी बोलतो. हा फरक महत्त्वाचा आहे. कारकिर्दीचे कौतुक कोणालाही करता येते; वंशाच्या चर्चेत मात्र काहींना आत घेतले जाते आणि काहींना बाहेर ठेवले जाते.

तमिळ चित्रपटाच्या चाहतेपणाचा अभ्यास यापूर्वी गांभीर्याने झालेला आहे. एम. एस. एस. पांडियन यांनी एम. जी. रामचंद्रन यांच्या प्रतिमेचा केलेला अभ्यास (१९९२) आणि सारा डिकी यांनी मदुराईतील कष्टकरी प्रेक्षकांविषयी लिहिलेला ग्रंथ (१९९३) हे त्यांतील प्रमुख होत. रिंकू कालसी यांचा ‘फॉर द लव्ह ऑफ अ मॅन’ (२०१५) हा माहितीपट तर रजनीकांत यांच्या चाहत्यांवरच आहे. भक्ती, वर्ग आणि राजकारण हे या परंपरेतील ठळक विषय. मराठी वाचकाच्या दृष्टीने याच चर्चेतील वंशाचा पदर अधिक जवळचा आहे, कारण त्यात महाराष्ट्र स्वतः एक पक्षकार आहे.

गावांचा दावा आणि आडनावाचा मोह

मराठी वृत्तपत्रांतून आणि चाहत्यांच्या बोलण्यातून पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील मावडी कडेपठार या गावाचा उल्लेख रजनीकांत यांचे मूळ गाव म्हणून वारंवार होतो. दुसरीकडे तामिळनाडूतील कृष्णगिरी जिल्ह्यातील नाचिकुप्पम हे गाव त्यांच्या आईवडिलांशी जोडले जाते, आणि रजनीकांत यांनी स्वतःही आपल्या पूर्वजांच्या संदर्भात कृष्णगिरीचा उल्लेख केला आहे. या दोन सांगण्यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. एक कुटुंब कधी काळी पुरंदरच्या परिसरातून निघून कृष्णगिरीच्या बाजूला स्थिरावले आणि पुढे पोटापाण्यासाठी बंगळूरला आले, असा क्रम सहज शक्य आहे. परंतु चाहत्यांच्या चर्चेत हा स्थलांतराचा क्रम हरवतो आणि उरते ते केवळ एका गावाचे नाव. वाट विसरली जाते आणि उगमाचाच अभिमान धरला जातो.

याच चर्चेत इतिहासाची जोडही दिली जाते. १६३८ च्या सुमारास शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर आली, १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची सत्ता राहिली, हा इतिहास सुपरिचित आहे. दक्षिणेत मराठी वस्ती रुजण्यामागे ही राज्ये हे एक मोठे कारण होते, यातही शंका नाही. मात्र यावरून दक्षिणेतील प्रत्येक मराठी कुटुंबाचा मूळ पुरुष सरदार किंवा शिलेदार होता असे अनुमान काढणे अनैतिहासिक ठरते. फौजेबरोबर शिपाई गेले तसे कारकून, कारागीर, शिंपी, गुराखी आणि मजूरही गेले. पुढील शतकांत व्यापार आणि नोकरीच्या ओढीनेही माणसे गेली.

आडनावाच्या बाबतीत हा मोह अधिकच प्रबळ होतो. गायकवाड म्हटले की बडोद्याच्या राजघराण्याची आठवण निघते. परंतु हेच आडनाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचेही होते. अनेक जातींत आणि अनेक जिल्ह्यांत पसरलेले आडनाव हा वंशाचा पुरावा होऊ शकत नाही. निश्चितपणे ज्ञात असलेली बाब इतकीच की, रामोजीराव गायकवाड हे म्हैसूर राज्यातील पोलीस शिपाई होते, त्यांच्या पत्नीचे निधन मुले लहान असताना झाले आणि सर्वांत धाकट्या शिवाजीचा सांभाळ प्रामुख्याने थोरल्या भावाने केला. हा मुलगा पुढे हमाली, सुतारकाम अशी मिळतील ती कामे करीत बंगळूरच्या बससेवेत कंडक्टर झाला. सरदार घराण्याची कल्पित वंशावळ या ज्ञात इतिहासापुढे फिकी पडते.

एका नावाची गोष्ट

वंशाच्या चर्चेत चाहते ज्या नावाचा सर्वाधिक अभिमान बाळगतात, त्या ‘शिवाजी’ या नावाचा प्रवास मोठा उद्‌बोधक आहे. आईवडिलांनी मुलाचे नाव छत्रपती शिवाजी महाराजांवरून ठेवले. मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या या तरुणाला बालचंदर यांनी निवडले, तेव्हा त्याचे नाव बदलणे त्यांना आवश्यक वाटले. कारण तमिळ पडद्यावर एक शिवाजी आधीच होते, ते म्हणजे शिवाजी गणेशन. परंतु गणेशन यांचे ‘शिवाजी’ हे नाव जन्माचे नव्हते. सी. एन. अण्णादुरै यांनी १९४० च्या दशकात लिहिलेल्या नाटकात त्यांनी छत्रपतींची भूमिका केली आणि ती पाहून पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी त्यांना हे नाव दिले.

म्हणजे तमिळ नटाने ‘शिवाजी’ हे नाव अभिनयाने मिळवले आणि मराठी घरात जन्मलेल्या नटाला तेच जन्माचे नाव सोडावे लागले. त्याला मिळालेले ‘रजनीकांत’ हे नावही बालचंदर यांच्याच ‘मेजर चंद्रकांत’ (१९६६) या चित्रपटातील एका पात्राचे होते. पुढे २००७ मध्ये शंकर दिग्दर्शित चित्रपटात रजनीकांत नायक झाले तेव्हा त्या चित्रपटाचे नाव ‘शिवाजी’ होते. जे नाव पाळण्यात मिळाले होते, ते बत्तीस वर्षांनी पडद्यावर भूमिकेच्या रूपाने परत आले. नाव जन्माने मिळते की कामाने, हा प्रश्न या तीन घटनांतून स्वाभाविकपणे उभा राहतो; आणि तमिळ चित्रपटसृष्टीने दिलेले उत्तर कामाच्या बाजूचे आहे.

परकेपणाचा आरोप

वंशाची चर्चा नेहमीच प्रेमापोटी होते असे नाही. महाराष्ट्रात जी गोष्ट अभिमानाची ठरते, तीच तामिळनाडूत आरोपाची झाली आहे. कावेरी पाणीप्रश्नावर ऑक्टोबर २००२ मध्ये तमिळ चित्रपटसृष्टीने दिग्दर्शक भारतीराजा यांच्या पुढाकाराने नेयवेली येथे आंदोलन केले. रजनीकांत त्यात सामील न होता दुसऱ्या दिवशी चेन्नईत स्वतंत्र उपोषणाला बसले. तेव्हा त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेतल्या गेल्या. विशेष म्हणजे भारतीराजा यांच्याच ‘पदिनारु वयदिनिले’ (१९७७) या चित्रपटातील खलभूमिकेने रजनीकांत यांची ओळख पक्की होण्यास मदत झाली होती. २००८ मध्ये होगेनक्कल पाणीयोजनेच्या वादात त्यांनी तामिळनाडूची बाजू घेतली तेव्हा कर्नाटकात विरोध उसळला आणि ‘कुसेलन’ तेथे प्रदर्शित व्हावा म्हणून त्यांना नमते घ्यावे लागले. एका राज्यात ते पुरेसे तमिळ नव्हते आणि दुसऱ्या राज्यात पुरेसे कन्नड उरले नव्हते.

२०१७ मध्ये त्यांच्या राजकारण-प्रवेशाची चर्चा वाढली तशी काही तमिळ राष्ट्रवादी गटांनी त्यांच्या मराठी मुळावर बोट ठेवले. मे २०१७ मध्ये चेन्नईत चाहत्यांशी बोलताना रजनीकांत यांनी याला उत्तर दिले. आयुष्याची पहिली तेवीस वर्षे कर्नाटकात गेली, त्यानंतरचा जवळजवळ दुप्पट काळ तामिळनाडूत गेला, आणि तमिळ लोकांनीच आपल्याला तमिळ केले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. या उत्तरात मराठी मूळ नाकारलेले नाही. मात्र त्याला निर्णायक मानण्यास नकार दिला आहे. तमिळ राजकारणाला हा प्रश्न नवा नव्हता. एम. जी. रामचंद्रन यांचा जन्म श्रीलंकेतील मल्याळी कुटुंबातला आणि जयललिता यांचा जन्म तत्कालीन म्हैसूर राज्यातला. दोघांवरही परकेपणाचा आरोप झाला आणि दोघांनाही तमिळ मतदारांनी मुख्यमंत्री केले. ज्यांच्या नावाने आरोप झाले, त्या जनतेनेच ते अनेकदा निकालात काढले.

चित्रपटांतील वंशप्रश्न

चाहत्यांच्या चर्चेत सहसा एक गोष्ट सुटते. रजनीकांत यांच्या चित्रपटांचा एक मोठा गट स्वतःच वंशाच्या प्रश्नाभोवती फिरतो. मणिरत्नम दिग्दर्शित ‘दळपती’ (१९९१) हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा. जन्मतः आईने सोडून दिलेला सूर्या हा या चित्रपटातील कर्ण होय. आपली आई कोण आणि जिल्हाधिकारी अर्जुन आपला भाऊ कसा, हे कळल्यानंतरही तो ज्याने पडत्या काळात आपल्याला जवळ केले त्या देवाची साथ सोडत नाही. महाभारतातील कर्णाप्रमाणेच वंश कळणे आणि वंशाच्या बाजूने जाणे या त्याच्या लेखी दोन भिन्न गोष्टी आहेत. बंगळूरहून आलेल्या नटाला स्वीकारणाऱ्या तमिळ प्रेक्षकाने ही भूमिका उचलून धरली, यामागे कथानकाइतकाच नटाच्या आयुष्याचा प्रतिध्वनी असावा असे मानण्यास जागा आहे.

के. एस. रविकुमार यांच्या ‘मुत्तु’ (१९९५) मध्ये मात्र उलट घडते. गाडीवान म्हणून राबणारा मुत्तु हाच जमीनदारीचा खरा वारस असल्याचे उत्तरार्धात उघड होते. येथे श्रमिक नायकाच्या मोठेपणाला अखेर रक्ताचा आधार दिला जातो. हा चित्रपट १९९८ मध्ये जपानमध्ये लोकप्रिय झाला आणि त्या देशात रजनीकांत यांचा चाहतावर्ग निर्माण झाला. तेथील प्रेक्षकाला पुरंदर, कृष्णगिरी किंवा कावेरी यांच्याशी काही कर्तव्य नव्हते. वंशाचा कोणताही धागा नसताना तो चाहता झाला, ही बाब वंशवादी चाहतेपणाची मर्यादा दाखवण्यास पुरेशी आहे.

‘मुळ्ळुम मलरुम’ (१९७८) मधील विंच चालवणारा काळी, ‘अण्णामलै’ (१९९२) मधील दूधवाला, ‘बाशा’ (१९९५) मधील रिक्षाचालक या भूमिका त्यांच्या कारकिर्दीचा कणा मानाव्या लागतात. महेंद्रन यांच्या ‘मुळ्ळुम मलरुम’मधील काळी अपघातात हात गमावतो, पण मानीपणा गमावत नाही, लकबींच्या पलीकडचा समर्थ नट या चित्रपटात दिसतो. मराठी चाहत्यांनी रजनीकांत बहुतांशी ‘अंधा कानून’ (१९८३), ‘हम’ (१९९१) यांसारख्या हिंदी चित्रपटांतून किंवा तमिळ चित्रपटांच्या हिंदी भाषांतरित आवृत्त्यांतून पाहिले. परिणामी ज्या कामामुळे हा नट मोठा झाला, ते काम न पाहताच त्याच्या गावाचा अभिमान बाळगला जातो. आपलेपणाचा दावा मोठा आणि परिचय अपुरा, अशी ही विसंगती आहे.

‘काला’ आणि महाराष्ट्रासमोरचा आरसा

या विसंगतीला सर्वांत टोकदार रूप पा. रंजित दिग्दर्शित ‘काला’ (२०१८) मध्ये मिळते. या चित्रपटाची कथा मुंबईतील धारावीत घडते. तिरुनेलवेलीहून आलेल्या तमिळ कष्टकऱ्यांचा म्होरक्या करिकालन ऊर्फ काला ही भूमिका रजनीकांत यांनी केली आहे, तर पुनर्विकासाच्या नावाखाली वस्ती गिळू पाहणाऱ्या हरिदादा या मराठी पुढाऱ्याची भूमिका नाना पाटेकर यांनी. काला याच्या लढ्यात उभी राहणारी तरुण कार्यकर्ती अंजली पाटील यांनी साकारली आहे. म्हणजे मराठी घरात जन्मलेला नट तमिळ स्थलांतरित होऊन मुंबईत उभा आहे आणि मराठी नट त्याला या शहरात तुझी जागा कोणती असे विचारतो आहे. त्याच वेळी, कावेरी प्रश्नावरील वक्तव्यामुळे, ज्या राज्यात रजनीकांत जन्मले त्या कर्नाटकात या चित्रपटाच्या प्रदर्शनाला विरोध होत होता.

भूमी ही कसणाऱ्याची, राहणाऱ्याची आणि राबणाऱ्याची, की कागदावर मालकी असणाऱ्याची, हा या चित्रपटाचा मुख्य प्रश्न आहे. राम आणि रावण यांच्या प्रतिमांची उलटापालट, काळ्या आणि पांढऱ्या रंगांचा संघर्ष यांतून दिग्दर्शकाने तो मांडला आहे. मांडणी काही ठिकाणी सरळसोट होते आणि हरिदादाच्या पात्राला वैचारिक खोली कमी पडते, ही उणीव मान्य करावी लागेल. तथापि, मराठी प्रेक्षकाला या चित्रपटाने जो प्रश्न विचारला आहे तो टाळता येण्यासारखा नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम झाली, तेव्हा त्यांच्या नोकऱ्यांकडे, भाषेकडे आणि पेहरावाकडे बोट दाखवले गेले. ज्या समाजाने तमिळ माणसाला त्याच्या आजोबांचे गाव विचारून परके ठरवले, त्याच समाजाला रजनीकांत यांच्या आजोबांचे गाव पुरंदरात असल्याचा आनंद होतो. तमिळ समाजाने जर हाच नियम लावला असता, तर शिवाजीराव गायकवाड यांचा रजनीकांत कधीच झाला नसता. मराठी अभिमानाचा विषय झालेले यश हे मराठी अस्मितेचा एक आग्रह तमिळ प्रेक्षकाने मानला नाही म्हणून शक्य झालेले यश आहे.

समारोप

वरील विवेचनाचा अर्थ मराठी माणसाने रजनीकांत यांच्याविषयी जिव्हाळा बाळगू नये असा नाही. बंगळूरच्या मराठी घरात बोलली जाणारी भाषा, दक्षिणेत रुजलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास हे अभ्यासाचे आणि आस्थेचे विषय आहेतच. प्रश्न आहे तो आस्थेच्या दिशेचा. वंशावळ पुढे करून श्रेयात वाटा मागणे हा एक मार्ग. ज्या स्थलांतरातून आणि ज्या स्वीकारातून हे यश घडले ते समजून घेणे हा दुसरा. पहिल्या मार्गाने एका गावाला क्षणभर मोठेपणा मिळतो. दुसऱ्या मार्गाने आपल्या शहरांत बाहेरून आलेल्या कंडक्टरकडे, शिपायाच्या मुलाकडे, हमालाकडे पाहण्याची दृष्टी बदलू शकते.

२०१९ या वर्षासाठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार २५ ऑक्टोबर २०२१ रोजी स्वीकारताना रजनीकांत यांनी ज्यांचे ऋण व्यक्त केले, त्यांत गुरू बालचंदर होते, थोरले बंधू सत्यनारायणराव होते आणि बंगळूरच्या बससेवेतील चालक मित्र राज बहादूरही होते. आपल्यातील अभिनयाचा गुण प्रथम ओळखून चित्रपटात जाण्यास याच मित्राने प्रोत्साहन दिले, हे त्यांनी आवर्जून सांगितले. महाराष्ट्राच्या भूमिपुत्राच्या नावाने असलेला हा पुरस्कार घेताना त्यांनी मांडलेली ही खरी वंशावळ होय. तिच्यात एक नाव रक्ताच्या नात्याचे आहे, एक शिकवणाऱ्याचे आणि एक बसमधल्या सोबत्याचे. चाहत्यांच्या चर्चेने ही तीन नावे एकाच मोलाची मानली, तर वंशाचा पदर उरलेल्या दोन पदरांशी विसंवादी राहणार नाही.